ब्लॅकचा भाव म्हणे खरा भाव!

आमच्या कॉलेज रोडच्या क्रिकेट ग्रुपवर आयपीएल आली की एक मेसेज फिरतो: ‘ब्लॅकवाला चोर नाही. तिकिटाचा खरा भाव तोच सांगतो. मागणी-पुरवठा, बस्स. आयोजकांनी दर वाढवले की ब्लॅक आपोआप बंद.’ खाली अंगठ्यांची रांग.

मागणी-पुरवठा? लासलगावच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे कुणी शिकवू नये. कांद्याला भाव मिळाला की पुढच्या हंगामात लागवड वाढते. वानखेडेवर भाव दसपट झाला तरी खुर्च्या साधारण 33 हजारच. शिवाय व्यापारी माल निवडतो, गाडी भरतो, घट सोसतो. शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत जपतो म्हणून तो आपल्याला श्रावणात मिळतो. ब्लॅकवाला काय करतो? आपल्या आधी रांगेत घुसतो.

आता तो ‘खरा भाव’. 2011 च्या वर्ल्डकप फायनलला त्या 33 हजारांतली जेमतेम 4 हजार तिकिटं सर्वसामान्यांसाठी विक्रीला होती. बाकीची क्लब, आयसीसी वगैरेंच्या वाट्याला. म्हणजे ट्रक मागच्या दाराने रिकामा करायचा, लिलावाला चार गोण्या ठेवायच्या आणि त्यांवर लागलेल्या बोलीला कांद्याचा बाजारभाव म्हणायचं!

दर वाढवले की ब्लॅक बंद? फिफाने 2026 च्या वर्ल्डकपला मागणीप्रमाणे हलणारे दर लावले. फेरविक्री थांबली नाही, फिफाच्याच साइटवर आली. घेणाऱ्याकडून 15 टक्के, विकणाऱ्याकडून 15 टक्के. आपल्याकडे 22 सप्टेंबर 2025 पासून आयपीएलच्या तिकिटावरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला. हजाराचं तिकीट 1,280 ऐवजी 1,400 ला. ब्लॅकवाल्याची वरची कमाई तेवढी बिनटॅक्सची.

आणि तिकीट स्वस्त ठेवणारे आयोजक काही खुळे नाहीत. आयपीएलचे 2023 ते 2027 चे प्रसारण हक्क 48,390 कोटींना गेलेत. ओस पडलेल्या स्टँडपुढची मॅच टीव्हीवर कोण बघेल? स्टँडमधला गोंगाटही विकलाच जातो.

एक मात्र कबूल. घरी कुणी आजारी पडलं, तर घेतलेलं तिकीट देऊन टाकायची सोय हवीच. पण ती छापील किमतीत, आयोजकांच्याच खिडकीवर.

हे एवढं तावातावाने लिहितोय, कारण मीही एकदा त्या ‘खऱ्या भावाला’ तीन तिकिटं घेतली होती. सकाळी पंचवटीने मुंबई गाठली. गेटवर पहिले दोन कोड चालले, तिसऱ्याला मशीन लाल. ‘हा कोड आत गेलाय,’ पोरगा म्हणाला. लासलगावात माल खोटा निघाला तर आडत्याची गादी तरी ठाऊक असते. आमच्या ब्लॅकवाल्याचा फोन बंद. मित्राला एकट्याला बाहेर कसं सोडायचं, म्हणून आम्ही दोघंही आत गेलो नाही. चर्चगेटजवळच्या टपरीवर तिघांनी एका मोबाईलवर मॅच पाहिली. आवाज मात्र स्टेडियममधून थेट येत होता, चित्राच्या आधी.