परदेशी पर्यटकाच्या खिशालाही तळ असतो

रवांडाने २०१७ साली डोंगरी गोरिला पाहण्याचा परवाना ७५० डॉलरवरून थेट १,५०० डॉलरवर नेला, तरी पर्यटक येतच राहिले. हा दाखला देऊन एक विधान सर्रास केले जाते: लाखभर रुपये विमानावर खर्चून आलेला परदेशी माणूस फाटकावरून परत फिरत नाही, तेव्हा राष्ट्रीय उद्यानांनी त्याच्याकडून हवे तेवढे शुल्क घ्यावे, गर्दीही घटणार नाही आणि जंगलालाही पैसा मिळेल. परदेशी पर्यटकाला जास्त दर लावण्यास माझा विरोध नाही; त्या दराला मर्यादाच नाही, हे गृहीतक मात्र टिकणारे नाही.

आधी रवांडाचेच पाहू. डोंगरी गोरिला रानात फक्त रवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांत आढळतात, आणि रवांडात एका कळपाजवळ दिवसाला आठच पर्यटकांना, तेही तासभर, सोडले जाते. विकायच्या जागाच इतक्या मोजक्या असतील, तर त्या भरायला थोडेसे धनिक पुरतात. रोज हजारो माणसे येणाऱ्या उद्यानाबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय त्या वेळी शेजारच्या युगांडात परवाना ६०० डॉलरला मिळत होता, आणि रवांडाची राजधानी किगालीला उतरून सीमा ओलांडून युगांडातील ब्विंडी या गोरिलांच्या उद्यानात जाणे युगांडाच्याच एंटेबे विमानतळावरून जाण्यापेक्षा जवळचे पडते. हा मार्ग प्रवास कंपन्या आजही विकतात.

विमानखर्चाचा युक्तिवाद तर मुळातच उलटा आहे. पर्यटक शुल्काचा विचार फाटकावर नव्हे, घरी बसून सहलीचे दरपत्रक वाचताना करतो. केनियातील मसाई मारा (कागदोपत्री ते राष्ट्रीय उद्यान नव्हे, पण उदाहरण चपखल आहे) २०२४ पासून जुलै ते डिसेंबरमध्ये परदेशी प्रौढाकडून दिवसाला २०० डॉलर घेते आणि उरलेल्या सहा महिन्यांत १००. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्या जोडप्याचे मोसमातले तीन दिवस म्हणजे निव्वळ प्रवेशाचे १,२०० डॉलर. आत मुक्काम केलेल्याने शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडले नाही, तर त्या दिवसाचेही शुल्क लागते. म्हणून न्याहारी उरकून गाड्या दहाच्या आधी फाटकाबाहेर काढल्या जातात. पैशाची फिकीर नसलेली माणसे असे घड्याळाकडे पाहत नाहीत.

'गर्दी घटत नाही' या दाव्याला कोस्टा रिकाने फार पूर्वीच उत्तर दिले आहे. तेथे १९९४ साली परदेशी पाहुण्यांचे शुल्क सुमारे सव्वा डॉलरवरून एकदम १५ डॉलर झाले. तिजोरीत भर पडली हे खरे, पण उद्यानांतले परदेशी पर्यटक घटले, प्रवास व्यावसायिकांनी ओरड केली आणि १९९६ साली दर ६ डॉलरवर आणावा लागला.

पर्यटकांना विचारल्या जाणाऱ्या 'आणखी किती द्याल?' अशा प्रश्नावलीतल्या उत्तरांवर विसंबण्यातही अर्थ नाही, कारण तेथे सांगितलेली रक्कम कोणालाच भरावी लागत नाही.

राहिला जंगलाला पैसा मिळण्याचा मुद्दा. पर्यटक कमी झाले, तर नुकसान आधी नावाडी, वाटाडे आणि छोटे हॉटेलवाले यांचे होते. इंडोनेशियाने २०२२ साली कोमोडो बेटांसाठी ३७.५ लाख इंडोनेशियन रुपिया शुल्क जाहीर केले (ते देशी पर्यटकांनाही लागू होते), तेव्हा या बेटांकडे जाण्याचे बंदर असलेल्या लाबुआन बाजो येथील पर्यटन कामगारांनीच ऑगस्टमध्ये काम बंद ठेवले. सरकारने वाढ आधी पुढे ढकलली आणि अखेरीस मागे घेतली.