अस्वल बघताना एसी अठरावर ठेवावा

बर्फाळ प्रदेशातल्या प्राण्यांवरची डॉक्युमेंटरी बघायची खरी वेळ म्हणजे मे महिन्यातली दुपार. डिसेंबरात बघाल तर मजा अर्धी जाते. तेव्हा आपल्यालाच बारीक थंडी वाजत असते, मग पेंग्विनचं कौतुक ते काय राहणार? बाहेर एक्केचाळीस-बेचाळीस, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, अशा वेळी पडदे ओढून घ्या, एसी अठरावर न्या आणि सोलापुरी चादर काढा. अठराच का, तर चोविसाला चादर लागत नाही, आणि चादरीशिवाय अंटार्क्टिका अंगाला लागत नाही. हाताशी पन्ह्याचा ग्लास असू द्या. त्यातला बर्फ वितळत असेल तर त्यात प्रतीक वगैरे शोधत बसू नका, पन्हं पांचट होतंय तेवढं बघा.

भाषा इंग्रजीच ठेवा. हिंदी डबिंगमध्ये सीलची शिकार झाली की आता इन्स्पेक्टर येणार असं वाटत राहतं. त्यापेक्षा असल्या मालिकांचे निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचा आवाज बरा. माणूस 1926 सालचा. त्या आवाजात जगबुडीची बातमीही अंगाईसारखी लागते, आणि दुपारी जेवण झाल्यावर आपल्याला तेच हवं असतं.

आता कान द्या. अस्वलीण पिल्लांना घेऊन उतारावरून चाललीय, पावलागणिक बर्फ करकरतोय. ही करकर कॅमेऱ्यानं ऐकलेलीच नसते. अस्वल कुठल्या कुठे, कॅमेऱ्याला हातभर लांब लेन्स, एवढ्या अंतरावरून पावलांचा आवाज टिपणार कोण? पुढे कधीतरी स्टुडिओत एक माणूस बसतो, पातळ मोज्यात कॉर्नफ्लोअर भरतो आणि पडद्याकडे बघत अस्वलाच्या चालीवर ते दाबत राहतो. खोटं वाटत असेल तर उठा, स्वयंपाकघरात जा. मंचुरियनसाठी आणून अर्धं उरलेलं पाकीट डब्यामागे सापडेल, तोंडाला रबरबँड लावलेलं. रबरबँड न काढता अंगठ्यानं दाबा. कुर्र. पुन्हा दाबा. डोळे मिटून ऐकलंत तर अख्खं आर्क्टिक ओट्यावर येतं. मी हे आईसमोर करून दाखवलं. ती म्हणाली, "पाकीट फुटलं तर ओटा तूच पुसायचास."

रडायचं कुठे, याची चिंता नको. चेलो, म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ, वाजायला लागला की रुमाल काढायचा. 2019 साली नेटफ्लिक्सच्या 'अवर प्लॅनेट' मालिकेत वॉलरस, म्हणजे लांब सुळ्यांचे सीलसारखे प्राणी, कड्यावरून कोसळताना दाखवले, तिथे तर चेलो नसता तरी चाललं असतं. रशियाच्या अतिपूर्वेला चुकोत्काचा किनारा. वॉलरस उथळ समुद्राच्या तळाशी शिंपले शोधून खातो आणि दमला की तरंगत्या बर्फावर येऊन पडतो. आता उन्हाळ्यात हा बर्फ मागे हटत हटत खोल पाण्यावर जातो, तिथे तळ गाठता येत नाही. मग हजारो वॉलरस एकाच किनाऱ्यावर, दादर स्टेशनच्या जिन्यासारखे. काही जण गर्दी टाळायला वर वर चढत जातात. वॉलरसची पाण्याबाहेरची नजर बेताची आणि वजन टनभर. पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. हे दृश्य लागलं की चॅनेल बदलू नका, पॉज करून चहा टाका. आल्याचा चहा आणि भरून आलेला घसा यांचं चांगलं जमतं.

शेजारी लहान मूल बसलेलं असलं तर मात्र सावध. माझा सहा वर्षांचा भाचा नेमका तेव्हाच विचारता झाला, "कॅमेरावाले काका त्यांना मागे का नाही ओढत?" निसर्गात ढवळाढवळ करायची नाही हा या धंद्याचा नियम आहे, असं त्याला मोठ्या गांभीर्यानं सांगा. तो नियम एकदा मोडल्याचंही सांगा, त्यानं मुलं खूश होतात. 2018 साली बीबीसीच्या 'डायनॅस्टीज'मध्ये एम्परर पेंग्विन पिल्लांसकट एका बर्फाळ घळीत अडकले होते. चित्रीकरण करणाऱ्यांना राहवेना, त्यांनी फावड्यानं बर्फात चढ कापून दिला आणि पेंग्विन आपापले डुलत वर आले. जगभर वाहवा झाली. आपणही करावी. फावड्यानं सुटणारा प्रश्न मनाला फार बरा वाटतो, त्यात कोणाचं विमानाचं तिकीट रद्द होत नाही.

एक पथ्य आहे. ज्या मरणाचं चित्रीकरण झालेलं नाही त्याच्या भानगडीत पडू नका. अंटार्क्टिकाच्या पश्चिमेकडच्या बेलिंग्सहाउसेन समुद्राचंच घ्या. एम्पररच्या वसाहती अवकाशातून ओळखतात त्या विष्ठेवरून: पांढऱ्या बर्फावर तपकिरी डाग दिसला की तिथे पेंग्विन राहतात. इतक्या राजबिंड्या पक्ष्याचा उपग्रहाच्या दफ्तरी पत्ता काय, तर शेणाचा डाग. अंडं नर सांभाळतो, पायांवर घेऊन, साधारण दोन महिने, उपाशी, भर हिवाळ्यात. पिल्लू निघतं ते मऊ राखाडी लव घेऊन. ही लव थंडीला चालते, पाण्याला नाही. पाण्यात टिकणारी पिसं यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो, आणि तोवर पायाखालचा समुद्री बर्फ टिकायला हवा. 2022 साली तो आधीच फुटला. त्या भागातल्या पाच वसाहतींपैकी चार ठिकाणी पिल्लं जगली नसावीत, असा निष्कर्ष पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. तिथे ना कॅमेरा होता, ना चेलो, ना कोणी फावडं घेऊन गेलेलं. एका छायाचित्रात डाग आहे आणि नंतरच्या छायाचित्रात डाग नाही. यावर कसं रडणार? कुठल्या पिल्लाकडे बघणार? तेव्हा असलं काही वाचनात आलं तर पान उलटा, उगाच दुपार खराब करू नका.

तुमचा पिंड रडायचा नसेल तरी नाराज होऊ नका, दुसरी सोय आहे. आमच्या सोसायटीतले एक काका प्रत्येक प्राण्याला 'हे सगळं सेट असतं' म्हणतात, आणि पंचाईत अशी की पुरावे त्यांच्या बाजूनं भरपूर आहेत. पाठ करून ठेवावेत. 1958 सालच्या डिस्नेच्या 'व्हाइट वाइल्डरनेस'मध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी सामूहिक आत्महत्या करताना दाखवले. ते लेमिंग विकत आणलेले होते आणि त्यांना पाण्यात ढकललेलं होतं. चित्रपटाला ऑस्कर मिळालं, लेमिंगांना काही नाही. 2011 साली बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट'मध्ये गुहेत जन्मलेली गोजिरी अस्वलाची पिल्लं नेदरलँड्सच्या प्राणिसंग्रहालयात चित्रित केलेली निघाली. 2017 साली हाडांचा सापळा झालेल्या एका अस्वलाचा व्हिडिओ आठवतोय ना, तुमच्याही तीन ग्रुपवर आला असेल. हवामानबदल असा दिसतो, अशा मथळ्यानं नॅशनल जिओग्राफिकनं तो दाखवला आणि पुढच्या वर्षी कबूल केलं की त्या एका अस्वलाबद्दल एवढं ठामपणे बोलणं जास्तच झालं.

एवढं भांडवल हाताशी असलं की पुढची उडी सोपी. पिल्लं प्राणिसंग्रहालयातली निघाली, त्याअर्थी बर्फही थर्माकोलचा असणार. कॅनडाच्या पश्चिम हडसन उपसागरातली अस्वलं विमानातून मोजली, ती 2016 साली 842 भरली आणि 2021 साली 618. काकांना हे सांगितलं तर ते विचारतात, "मोजताना काही झोपलेली असतील." मोजणाऱ्यांना हे सुचलंच नसेल, असं म्हणून आपण मान डोलवावी. काकांशी वाद घालू नये, सोसायटीचं पार्किंग त्यांच्याच हातात आहे.

बघून बघून प्रेम अनावर झालं तर प्रत्यक्ष जाऊन या. याच हडसन उपसागराच्या काठी, कॅनडात, चर्चिल नावाचं गाव आहे. रस्ता नाही, विमानानं किंवा रेल्वेनं पोचायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथली अस्वलं उपाशीपोटी किनाऱ्यावर उभी असतात, उपसागर गोठायची वाट बघत; गोठला की सीलची शिकार करता येते. पूर्वीपेक्षा आता ही वाट बघणं तीनेक आठवड्यांनी लांबलंय. म्हणजे तुमच्या दृष्टीनं सोयच, दिवाळीची सुट्टी धरून जाता येतं. माणसाच्या उंचीएवढ्या चाकांच्या गाडीतून हिंडवतात. अंटार्क्टिकाला तर 2022-23च्या हंगामात एक लाखाहून जास्त पर्यटक जाऊन आले. आपल्याकडच्या सहल कंपन्याही नेतात, जहाजावर पोहे मिळतात म्हणे. हे सगळं नाहीसं व्हायच्या आत एकदा बघून घ्यायला हवं, असं प्रत्येकजण म्हणतो आणि दोन-तीन विमानं बदलून तिथे जातो. घाई करा.

एवढं परवडत नसेल तर गोव्याला जा, पण तिथल्या बर्फाची चौकशी करू नका. गोव्यात बर्फ म्हटलं की आपल्याला ग्लासातला आठवतो. वास्कोला हेडलँड सड्यावर मात्र ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, आणि अंटार्क्टिकात खोल भोक पाडून काढलेले बर्फाचे दंडगोल तिथे शीतगृहात सांभाळलेले असतात. आत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून शेकडो-हजारो वर्षांपूर्वीचं हवामान वाचतात. भारताची अंटार्क्टिकाची पहिली मोहीम 1981 साली गोव्यातूनच निघाली होती. दाबोळीला उतरून आपण टॅक्सीचं भाडं पाडत उभे असतो, तेव्हा हा सगळा बर्फ जवळच असतो. तो बघायला चेलो लावून देत नाहीत, त्यामुळे चुकल्याची हळहळ नको.

राहता राहिली शेवटची पाच मिनिटं. तिथे चेलो थांबतो, पियानो येतो आणि आवाज म्हणतो की अजून वेळ गेलेली नाही. ही मिनिटं कशी हाताळायची ते टीव्हीवाल्यांकडून शिका. त्याच 'फ्रोझन प्लॅनेट'चे एकूण सात भाग होते, आणि हवामानबदलावरचा होता सातवा. परदेशी वाहिन्यांना मालिका विकताना बीबीसीनं सहा भाग एकत्र दिले आणि सातवा ऐच्छिक ठेवला, आपल्याकडे शाळेत चित्रकला असते तसा. बऱ्याच वाहिन्यांनी सहाच घेतले. अमेरिकेतही तो दाखवणार नव्हते, आरडाओरडा झाल्यावर दाखवला. सहा भाग अस्वल, सातवा भाग अस्वलाचं काय होणार तो. ग्राहकाला हवा तर घ्यावा. फ्रिजबरोबर स्टॅबिलायझर घ्यायचा की नाही, तसंच.

तेव्हा पियानो वाजायला लागला की बिनदिक्कत रिमोट उचला. आम्हीही उचलला. टीव्ही बंद झाल्यावर खोलीत एसीची घरघर तेवढी राहिली. भाचा चादरीत गुरफटून झोपलाय असं वाटत होतं. आतून आईनं विचारलं, संध्याकाळी मंचुरियन करू का, आणि उत्तराची वाट न बघता डब्यामागून पाकीट ओढलं. कुर्र. भाच्यानं चादरीतून डोकं बाहेर काढलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत हळूच विचारलं, "आलं का?"