नाताळ त्यांचा, ड्यूटी आमची

"तुमच्यात नाताळ नसतोच ना?" एवढ्या एका गोड प्रश्नावर ड्यूटीच्या तक्त्यात 24, 25 आणि 26 डिसेंबर, तिन्ही दिवस माझं नाव चढलं. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून आलेल्या माणसानं नाही म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? पगार नाही, हातखर्च मिळतो. जर्मनीनं 2011 मध्ये सक्तीची लष्करी भरती थांबवली. लष्कर नाकारून त्याऐवजी वृद्धाश्रमांत राबणारी पोरंही मग आटली आणि सरकारनं ही स्वयंसेवा सुरू केली. म्हणजे आपण कुणाच्या बदली उभे आहोत ते कळलं. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत म्हणे. बहिणी-बहिणींत कामाची वाटणी कशी होते, ते घरोघरी ठाऊक आहे.

इथला खरा सण 24 च्या संध्याकाळी. कायद्यानं त्या दिवशी सुट्टी नाही, तरी दुपारी दोनला दुकानांची शटरं पडतात आणि पुढचे दोन दिवस उघडत नाहीत. एवढ्या जय्यत तयारीचं जेवण काय, तर सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड.

पण त्या सॅलडवरून देश फुटू शकतो. श्टुटगार्टची रीत अशी: न फुटणारे, चिकट जातीचे बटाटे किलोभर, सालासकट उकडायचे, बोटं भाजत गरमच सोलायचे, पातळ चकत्या करायच्या. त्यावर बारीक कांदा, चमचाभर मोहरीची पेस्ट, तीन-चार चमचे व्हिनेगर आणि पाव लिटर कढत सूप. अर्धा तास झाकण. तेल अगदी शेवटी. आधी घातलं तर चकत्यांना तेलाचा थर बसतो आणि सूप तळाशी लोळत राहतं. बटाटे गार झाले तरी तेच. पिठूळ बटाटा घेतलात तर लगदा.

हे चालू असताना चाकाच्या खुर्चीतून एक आजी स्वयंपाकघराच्या दारात अवतरल्या. जन्म हॅम्बुर्गचा, श्टुटगार्टात पन्नासेक वर्षं, समेट शून्य. पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "बटाटे रडले का?"

"सूप आहे ते," आचारी म्हणाला.

"सूप वाटीत असतं. मेयोनीज कुठाय? काकडीचं लोणचं? अंडं?"

"ते हॅम्बुर्गला."

"मीही हॅम्बुर्गचीच."

"मग इतकी वर्षं काय खाल्लंत?"

"सहन केलं," आजी म्हणाल्या आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "तुम्ही भारतीय. तटस्थ. तुम्ही सांगा."

अलिप्ततेचा आपल्याला केवढा जुना सराव! मी दोन्ही चांगली म्हटली.

"म्हणजे तुम्हाला चवच नाही," आजी म्हणाल्या. आचाऱ्यानं मान डोलावली. दिवसभरात त्या दोघांचं एकमत झालं ते एवढंच. आणि आजींनी दोनदा वाढून घेतलं, तेही कपाळाला आठ्या घालून.

सहा जानेवारीला, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा सण झाला की नाताळची झाडं रस्त्यावर येतात आणि इथला उत्साह संपतो. आपली संक्रांत नेमकी त्यानंतर. तिची रजा मागितली तर "हा कुठला सण?" आजी-आजोबांच्या कवळ्यांचा विचार करून चिक्कीच्या गुळाला हातही लावला नाही. साधा गूळ किसून, पाक न करता, भाजलेल्या तिळाचं आणि दाण्याचं कूट त्यात गरम असतानाच कुटायचं आणि लाडू वळायचे, दातांखाली विरघळतात. यांत कष्ट गूळ शोधण्याचे.

डबा उघडण्याआधीच चौकशी झाली: तीळ? शेंगदाणे? युरोपच्या चौदा ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत दोन्ही आहेत, सबब घटक लिहून चिठ्ठी लावा. नियम बरोबरच आहे. लावली. पण मोहरी, अंडं आणि सूपमधली सेलरीही त्याच यादीत आहेत, आणि घरोघरून आलेल्या बिस्किटांच्या डब्यांना नाताळात कुणी चिठ्ठी मागितलेली मी पाहिली नाही.