"एकदा तिकीट काढलं की खिशात हात घालायचा नाही": सिंगापूर क्रूझच्या मेसेजचा खरा हिशोब

सुट्ट्या जवळ आल्या की घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. थोड्याफार फरकाने मजकूर असा: "सिंगापूर क्रूझ म्हणजे हॉटेल, जेवण, करमणूक सगळं एकाच तिकिटात. एकदा पैसे भरले की खिशात हात घालायचा नाही. हॉटेलपेक्षा स्वस्त. शेवटच्या आठवड्यात बुक करा, निम्म्या दरात मिळतं. व्हिसा-इन्शुरन्सची कटकट नाही, पासपोर्ट घ्या आणि निघा." खाली जहाजाचा फोटो असतो आणि त्याच्याखाली काकूंचा प्रश्न, "कधी जायचं?"

काकूंनी जरूर जावं. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना रोज बॅग भरून बस पकडणं जमत नाही, अशांसाठी क्रूझइतका सोयीचा परदेश प्रवास मला दुसरा माहीत नाही. बॅग एकदाच उघडायची, लिफ्टने जेवायला जायचं, सकाळी उठावं तर नवं बंदर. पण निवृत्तीच्या पैशातून किंवा मुलांच्या सुट्टीसाठी वर्षभर साठवून जे लोक जातात, त्यांना हा मेसेज अर्धाच आकडा सांगतो. उरलेला अर्धा जहाजावर चढल्यावर कळतो, आणि तेव्हा परतायची सोय नसते. म्हणून एकेक दावा घेऊन बोलतो.

"सगळं एकाच तिकिटात"

तिकिटात काय असतं ते आधी. केबिन, मुख्य डायनिंग हॉल आणि बुफेमधलं तिन्ही वेळचं जेवण, नाटक-गाण्याचे बरेचसे कार्यक्रम, स्विमिंग पूल, बुफेमधलं साधं पाणी आणि चहा-कॉफी. हे सगळं खरोखरच चांगलं असतं. शाकाहारी जेवण मिळतं. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवावं, चढल्यावर सांगून उपयोग होईलच असं नाही.

आता तिकिटात नसलेल्या गोष्टी. पहिली आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी म्हणजे ग्रॅच्युइटी, जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठीची टीप. ही आपल्या मर्जीने द्यायची नव्हे. बहुतेक मोठ्या कंपन्या ती माणशी, रोजच्या हिशोबाने तुमच्या खात्यावर आपोआप टाकतात. रॉयल कॅरिबियनचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२३ पासून साध्या केबिनला माणशी रोज १८ डॉलर असा दर त्यांनी लावला. आई, बाबा आणि दोन मुलं, चार रात्री: १८ गुणिले ४ गुणिले ४, म्हणजे २८८ डॉलर. डॉलर ८५ ते ९० रुपये धरला तर साडेचोवीस ते सव्वीस हजार रुपये. लहान मुलांचीही पूर्ण टीप लागते. हे दर बदलत राहतात, म्हणून पैसे भरायच्या दिवशी कंपनीच्या साइटवर जाऊन चालू दर बघा. आणि एजंटने दिलेल्या आकड्यात टीप आणि पोर्ट चार्जेस धरलेत की नाहीत, हे त्याच्याकडून लेखी घ्या. तोंडी "हो हो, सगळं इन्क्लुडेड" याला अर्थ नाही.

दुसरी गोष्ट पेयं. कोल्ड्रिंक, बाटलीबंद पाणी, कॅफेतली कॉफी, बिअर, वाइन या सगळ्याचे पैसे पडतात आणि अनेक जहाजांवर प्रत्येक ग्लासमागे १८ टक्के सर्व्हिस चार्ज वरून. यावर उपाय म्हणून ड्रिंक्स पॅकेज सुचवतात. पण त्यात एक अट असते जी आपल्या घरांना हमखास नडते: एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्यानेही ते घ्यायचं. नवरा संध्याकाळी दोन बिअर घेणारा, बायको सरबतापलीकडे न जाणारी, तर दोघांचं पॅकेज घेणं म्हणजे सरळ नुकसान. अशा घरांनी पॅकेजच्या नादी न लागता जेवढं प्याल तेवढ्याचेच पैसे द्यावेत.

तिसरी गोष्ट वायफाय. बहुतेक जहाजांवर ते विकत असतं आणि दर प्रत्येक फोनमागे, रोजचा. भर समुद्रात फोन चालू राहिला तर तो जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो. आपल्याकडच्या साध्या रोमिंग पॅकमध्ये हे नेटवर्क सहसा धरलेलं नसतं आणि दर भयंकर असतात. बंदर सुटण्याआधी सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका, आजोबांचा विशेष आठवणीने.

याशिवाय खास रेस्टॉरंट, स्पा, कॅसिनो, मुलांचे व्हिडिओ गेम, जहाजाच्या फोटोग्राफरने काढलेले फोटो. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. चढताना एक कार्ड मिळतं, तेच केबिनची किल्ली आणि तेच पाकीट. कुठेही टेकवलं की खात्यावर खर्च चढतो, आणि हातातून नोटा जात नसल्यामुळे तो जाणवत नाही. मुलांच्या कार्डावरून खरेदी होऊ नये अशी सोय मिळते, ती पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर करून घ्या. खात्याला जे क्रेडिट कार्ड जोडाल त्यावर परकीय चलनाचा मार्कअप किती आहे तेही बघा. बऱ्याच भारतीय कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो.

"हॉटेलपेक्षा स्वस्त"

कुणासाठी, यावर हे अवलंबून आहे. क्रूझचं भाडं 'एका केबिनमध्ये दोघं' असं धरून ठरतं. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाडं बऱ्याचदा कमी लागतं, म्हणून चौघांचं कुटुंब एका केबिनमध्ये राहायला तयार असेल तर सिंगापूरच्या हॉटेलांच्या तुलनेत क्रूझ खरोखर परवडते. खोली दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची असते, मुलं भिंतीतून खाली ओढायच्या बर्थवर झोपतात, एवढं मान्य हवं.

एकटीने जाणाऱ्या मावशींसाठी मात्र गणित उलटं. केबिनमध्ये दुसरं कुणी नसेल तर कंपन्या बहुधा दुसऱ्या माणसाचंही भाडं लावतात. मावशी, आत्या, शेजारच्या काकू अशा तिघींनी एक केबिन घेणं हाच त्यावरचा उत्तम मार्ग आहे आणि त्यात मजाही जास्त.

शिवाय क्रूझ आणि हॉटेल यांची तुलना करताना मेसेजवाले विमानाचं तिकीट आणि सिंगापूरमधली आधीची एक रात्र मोजतच नाहीत. ती रात्र चैन नव्हे. ज्या दिवशी जहाज सुटतं त्याच दिवशी मुंबईहून उतरणारं विमान धरलं आणि ते पाच तास उशिरा आलं, तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. परतीच्या दिवशीही तसंच: जहाज सकाळी लागलं तरी इमिग्रेशन आणि बॅगा होईपर्यंत वेळ जातो. दुपारनंतरचंच विमान घ्या. आणि सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनल आहेत, मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. टॅक्सीत बसण्याआधी आपलं कुठलं ते तिकिटावर वाचा.

मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस या क्रूझ जहाजाबद्दलही हेच, फक्त आकडे लहान. तिथे विमान आणि व्हिसा वाचतो, पण "गोवा बघून होईल" ही अपेक्षा ठेवू नये. मुरगाव बंदरापासून पणजी तीसेक किलोमीटर, आणि हातात काही तास. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या जुन्या पणजी बोटीत लोक गावाला पोचायला बसत. क्रूझमध्ये बोटीवर राहायला बसतात. हा फरक लक्षात घेऊन गेलं की निराशा होत नाही.

"शेवटच्या आठवड्यात निम्म्या दरात"

बंदराच्याच गावात राहणाऱ्या माणसाला हे कधीकधी जमतं. सिंगापूरचा रहिवासी बुधवारी तिकीट काढून शुक्रवारी जहाजावर चढू शकतो. पुण्याच्या किंवा नाशिकच्या माणसाला ऐनवेळी विमानाचं तिकीट दुप्पट पडतं आणि व्हिसाला वेळ लागतो, म्हणजे क्रूझवर वाचलेले पैसे विमानात जातात. शिवाय तिघाचौघांच्या केबिन थोड्याच असतात आणि त्याच आधी संपतात. उरते ती 'गॅरंटी' केबिन, जिथे खोली कंपनी ठरवते. तुम्ही पाचव्या डेकवर आणि सासू-सासरे अकराव्यावर, असं होऊ शकतं.

भाडं कधी उतरतं यापेक्षा कधी चढतं हे ओळखणं सोपं आहे. मेअखेरीपासून जून उतरेपर्यंत आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सिंगापूरच्या शाळांना मोठी सुट्टी असते. तेव्हा आपली आणि त्यांची गर्दी एकत्र होते. शाळेचं बंधन नसेल तर फेब्रुवारी किंवा ऑगस्ट बघावा. लवकर बुक करताना डिपॉझिट परत मिळणारं घ्या. उरलेले पैसे साधारण अडीच-तीन महिने आधी भरायचे असतात. तोपर्यंत भाडं उतरलं तर नव्या दराने लावून मागता येतं. हे एजंट आपणहून करत नाहीत, आपण मागावं लागतं.

बाल्कनीचा खर्च वाचवा, असंही याच मेसेजमध्ये कधीकधी असतं, आणि ते मला पटतं. चार रात्रींपैकी दोन दिवस बंदरात जात असतील तर आतली, बिनखिडकीची केबिन पुरते. मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्राच्या आडोशाला असल्यामुळे समुद्रही बहुधा शांत असतो. ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन मागावी.

बंदरावरच्या सहली

यावर मेसेज काहीच म्हणत नाही, आणि पैसे इथेच सगळ्यात जास्त वाया जातात. सिंगापूरहून निघणाऱ्या चार-पाच रात्रींच्या फेऱ्यांमध्ये पेनांग आणि फुकेत ही नेहमीची बंदरं. दोन्हीचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पेनांगला जहाज जॉर्ज टाउनमध्ये स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. बाहेर पडलं की समोरच फोर्ट कॉर्नवॉलिस, आणि चालत थोड्या अंतरावर लिटल इंडिया. क्वीन स्ट्रीटवरचं महामारिअम्मनचं देऊळ १८३३ चं. त्याच्या आसपास डोसा-इडली खाऊन कपितान केलिंग मशिदीवरून चिनी वस्तीतल्या जेट्टींपर्यंत भटकता येतं. हे शहर २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि ते पायी बघण्यासारखंच आहे. इथे जहाजाकडून माणशी महागडी सहल घ्यायची काहीच गरज नाही.

फुकेतला मोठी जहाजं बहुधा पातोंगसमोर समुद्रात नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. रांग, टोकन, बोटीतली चढउतर यात तास-दीड तास जातो. गुडघेदुखी असलेल्यांना हलत्या बोटीत पाय टाकणं अवघड जातं. त्यांनी त्या दिवशी रिकाम्या झालेल्या जहाजावरच आराम केला तरी काही बिघडत नाही. लांबची सहल करायचीच असेल तर इथे मात्र जहाजाचीच घ्यावी. त्यांच्या सहलीला उशीर झाला तर जहाज वाट बघतं. तुम्ही स्वतः ठरवलेल्या टॅक्सीला उशीर झाला तर बघत नाही.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी मोठी महाग पडू शकते. थायलंडचं घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. किनाऱ्यावर उतरताच फोन आपोआप थाई वेळ दाखवू लागतो, पण जहाजाचं घड्याळ सिंगापूरच्या वेळेवरच असू शकतं. परतायची वेळ चारची, फोनमध्ये वाजलेत तीन, आणि जहाजावर चार वाजून गेलेत. उतरताना दारापाशी लावलेली वेळ बघून घ्या आणि मनगटावर साधं घड्याळ ठेवा.

"व्हिसा-इन्शुरन्सची कटकट नाही, पासपोर्ट घ्या आणि निघा"

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, वर एजंटची. तो एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना, हे तारखांइतक्याच काळजीने वाचा, कारण जहाज सिंगापूर सोडून मलेशिया-थायलंडला जातं आणि तुम्ही पुन्हा सिंगापुरात शिरता. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसातून सूट दिली, थायलंडनेही त्याच सुमारास. पण असे नियम मुदतीचे असतात, म्हणून निघायच्या महिन्यात पुन्हा तपासा.

परदेशी टूर पॅकेजचे पैसे भरताना टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ गोळा करायचा आयकर, घेतला जातो. तो बुडत नाही, पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. म्हणून जो दरवर्षी रिटर्न भरतो त्याच्याच पॅनवर बुकिंग करा. आईच्या पॅनवर केलं तर ते पैसे सोडवायला तिला रिटर्न भरावा लागेल.

इन्शुरन्सवर काटकसर करू नका, हे मी हात जोडून सांगतो. जहाजावरचा डॉक्टर फी घेतो आणि ती परदेशी खासगी दवाखान्यासारखी असते. आपली मेडिक्लेम पॉलिसी देशाबाहेर सहसा चालत नाही. मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी फॉर्ममध्ये लपवली की नेमका त्याच वेळी क्लेम नाकारला जातो. ज्येष्ठांची पॉलिसी आधीच्या आजारांसकट आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याच्या खर्चासकट घ्या. एकूण सहलीच्या मानाने हप्ता किरकोळ असतो.

सामानाचं थोडं. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, एक्स्टेन्शन बोर्ड जहाजावर चालत नाहीत. स्कॅनिंगमध्ये काढून घेतात आणि उतरताना परत देतात. घरी केलेला खाऊ बहुतेक जहाजं आत नेऊ देत नाहीत. सीलबंद पाकिटं काही ठिकाणी चालतात, आधी विचारा. पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावरच द्याव्या लागतात आणि त्या केबिनमध्ये यायला संध्याकाळ होऊ शकते. शेवटच्या रात्री त्याच बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या सकाळी थेट टर्मिनलवर मिळतात. पासपोर्ट, गोळ्या, चष्मा आणि सकाळी घालायचे कपडे दोन्ही वेळा हातातल्या पिशवीत ठेवा. आणि त्या शेवटच्या रात्री झोपण्याआधी टीव्हीवर किंवा अॅपमध्ये खात्याची एकेक ओळ वाचा. न घेतलेली वस्तू चढलेली दिसली तर काउंटरवर तेव्हाच जा, कारण सकाळी तिथे लांबलचक रांग असते.