अल्फा ०.९२ आला, म्हणून प्रश्नावली प्रमाणित झाली का?

विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या अध्यापनाबद्दल भरायच्या प्रश्नावल्या बरीच वर्षं माझ्याकडे तपासायला येतात. सोबत बहुतेक वेळा एकच वाक्य असतं, "क्रोनबाख अल्फा ०.९२ आलाय, म्हणजे प्रश्नावली प्रमाणित आहे." या वाक्याचा मला मनापासून त्रास होतो, कारण पुढे त्याच प्रश्नावलीच्या गुणांवर कुणाची तरी बढती अडते.

ली क्रोनबाख यांनी १९५१ साली मांडलेला हा गुणांक (जास्तीत जास्त १) प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात एवढंच सांगतो. ती विधानं शिकवण्याबद्दल आहेत की शिक्षकाच्या स्वभावाबद्दल, हे त्याला कळत नाही. शिवाय विधानं वाढवली की तो चढतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.३ धरा. दहा विधानांना अल्फा येतो ०.८१, वीस केली की ०.९०. म्हणजे तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा विचारला, तरी आकडा सुधारतो.

एकदा मी नुसत्या एक्सेल फाइलवर न थांबता मूळ फॉर्म मागवले. एका फॉर्मवर 'पूर्ण सहमत'च्या रकान्यातून वरपासून खालपर्यंत पेनाची एकच उभी रेघ होती. त्या रेघेत 'शिक्षकांचं बोलणं समजतं' हेही आलं आणि चार ओळींनंतरचं 'शिक्षकांचं बोलणं समजत नाही' हेही. गठ्ठ्यात असे फॉर्म बरेच निघाले. त्यात उलट विधानांचे गुण फिरवायचे ('समजत नाही'ला पूर्ण सहमत, तर सर्वांत कमी गुण धरायचे) राहून गेले होते, त्यामुळे या रेघांनी अल्फा खाली यायच्या ऐवजी वर गेला होता! मूळ कागद कुणी पाहिलेच नव्हते.

फॅक्टर अ‍ॅनालिसिस म्हणजे कुठली विधानं एकत्र जातात ते पाहून त्यांचे गट, म्हणजे घटक, काढणं. ते आता बरेच जण करतात, तेवढं बरं आहे. पण 'आयगेनव्हॅल्यू (एक घटक गुणांमधला किती फरक टिपतो याचा आकडा) एकपेक्षा जास्त' या नियमावर विसंबलं की नको तेवढे घटक निघतात. हॉर्न यांचं पॅरलल अ‍ॅनालिसिस १९६५ पासून उपलब्ध आहे, ते नुसत्या यादृच्छिक आकड्यांशी तुलना करून खरे घटक किती ते ठरवतं. ते वापरा.

माझा खरा आग्रह मात्र वेगळ्या गोष्टीसाठी आहे. आपण मोजतोय शिक्षकाला, विद्यार्थ्याला नाही. पाच वर्गांतले तीनशे फॉर्म म्हणजे नमुना तीनशेचा, असं सर्रास लिहिलं जातं. अहो, शिक्षक पाचच आहेत! एकाच वर्गातली मुलं एकाच माणसाबद्दल बोलत असतात, त्यांची उत्तरं सुटी सुटी धरता येत नाहीत. गुणांमधला किती फरक वर्गावर्गांतला आहे आणि किती एकाच वर्गातल्या मुलामुलांमधला, हे आधी काढावं लागतं. समजा एकूण फरकापैकी २० टक्के फरक वर्गावर्गांमधला आहे. मग पाच विद्यार्थ्यांच्या सरासरीची विश्वसनीयता, म्हणजे दुसऱ्या पाच जणांना विचारलं तरी तसंच येईल याचा भरवसा, जेमतेम ०.५६ भरते, पंचवीस जणांची ०.८६. पाच फॉर्मांवर शिक्षकाचा क्रमांक लावणं हा त्या शिक्षकावर सरळ अन्याय आहे, अल्फा कितीही येवो.

आणि सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का? २०१७ साली उटल आणि सहकाऱ्यांनी एकाच विषयाच्या अनेक तुकड्यांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्या शिक्षकांना जास्त गुण मिळाले त्यांचे विद्यार्थी जास्त शिकले, असं त्यात दिसलं नाही. म्हणून प्रश्नावल्या फेकून द्या असं मी म्हणणार नाही. शिक्षक वेळेवर येतात का, शंका विचारू देतात का, तपासलेले पेपर परत मिळतात का, हे मुलांइतकं कोण सांगणार? पण प्रत्येक विधान मुलं कसं वाचतात, हे त्यांच्या शेजारी बसून विचारायला हवं, आणि तेही सॉफ्टवेअर उघडण्याआधी.

'शिक्षक विषयाची सखोल मांडणी करतात' या विधानाला एका मुलीने 'असहमत' केलं होतं. मी कारण विचारलं. म्हणाली, "मॅडम इतकं सोपं करून सांगतात, की सगळं लगेच कळतं. मग ते सखोल कसं?" ते विधान आम्ही काढून टाकलं आणि त्या जागी 'अवघड भाग मला समजेल असा शिकवला जातो' असं लिहिलं. तिने ते एकदाच वाचलं आणि 'पूर्ण सहमत'वर खूण केली.