‘वेळ नको, पैसे द्या’ या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. बँकेतल्या निवृत्तांचा ग्रुप, अपार्टमेंटचा, शाळेच्या बॅचचा, आणि एकदा थेट माझ्या दिरांकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘संस्थेत जाऊन सल्ले देऊ नका, तेवढ्या तासांची कमाई संस्थेला द्या. कंपनीत बसणाऱ्यांना तळागाळातलं काय कळतं? फुकटच्या कामाला जबाबदारी नसते. काम चांगलं असेल तर पैसा आपोआप येतो. देणगी देताना एवढंच बघा, की रुपयातला रुपया गरजूपर्यंत पोचतोय.’

मी कोल्हापुरातल्या एका छोट्या संस्थेचे हिशेब बघते. बौद्धिक दिव्यांग मुलं शाळेच्या वयाबाहेर गेली की त्यांच्या हाताला काम देणारी ही कार्यशाळा. नोकरीत कर्जाच्या फायली बघायचे, आता व्हाउचर. मेसेज वाचून राग आला, पण त्यातलं एक वाक्य अर्धं खरंही आहे. म्हणून एकेक घेते.

‘तासांची कमाई द्या.’ आमच्याकडे शिवाजी उद्यमनगरातले एक कारखानदार येतात. कास्टिंगवर मशीनिंग करायचा त्यांचा धंदा. दिवाळीत आमची मुलं मेणाच्या पणत्या करतात, बारा पणत्यांचं खोकं 120 रुपयांना. एका शनिवारी त्यांनी मला विचारलं, “मॅडम, हे खोकं तुम्हाला पडतं केवढ्याला?” आयुष्यभर मी लोकांच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधल्या कॉस्टिंगवर लाल शाईने शेरे मारले, आणि मला उत्तर देता येईना.

मग ते वही घेऊन बसले. कोऱ्या पणत्या 30 रुपये. मेण 36. रंग, वाती, टिकल्या मिळून 14. खोकं 18. रिक्षा 6. फुटलेला आणि वाया गेलेला माल 12. दुकानदाराचं कमिशन 24. एकूण 140. म्हणजे प्रत्येक खोक्यामागे आम्ही वीस रुपये पदरचे घालत होतो, आणि यात शिकवणाऱ्या ताईंचा पगार कुठंच नव्हता. आमच्या एका विश्वस्तांनी तरीही म्हटलं, “पण विक्री तर वाढायल्या की!” कारखानदार हसले नाहीत. म्हणाले, “तोट्याचा जॉब जास्त घेतला की तोटाच जास्त होतो, आण्णा.”

पुढच्या वर्षी दुकानांतून विकणं बंद केलं. श्रावणातच कारखान्यांकडून आणि ऑफिसांकडून आगाऊ ऑर्डर घेतल्या. खोक्यात दोन रुपयांचे पुठ्ठ्याचे कप्पे घातले, तर फूट बारावरून तीन रुपयांवर आली. खर्च 109, किंमत 150. खोक्यामागे 41 रुपये राहिले, आणि त्यातून ताईंच्या पगाराचा एक हिस्सा निघायला लागला. कारखानदारांनी त्या शनिवारच्या चार तासांची कमाई दिली असती, तर ती त्याच दिवाळीत खोक्यामागे वीस-वीस रुपये करत विरघळून गेली असती, आणि आम्ही त्यांचे आभार मानून पुढच्या वर्षी आणखी तोट्यातली खोकी केली असती.

‘कंपनीवाल्यांना तळागाळातलं काय कळतं?’ सगळं नाही कळत. याच कारखानदारांनी सुचवलं होतं, की रंगकाम फक्त हात चालणाऱ्या चौघांना द्या, माल कमी वाया जाईल. ताई म्हणाल्या, “मग बाकीच्या अकरा जणांनी काय करायचं? कार्यशाळा कुणासाठी हाय?” विषय तिथंच संपला. पुठ्ठ्याच्या कप्प्यांची कल्पना त्यानंतरची. बेरीज त्यांची, निर्णय ताईंचा. ही वाटणी दोघांनाही मान्य असली की बाहेरच्या माणसाची भीती उरत नाही.

‘फुकटच्या कामाला जबाबदारी नसते.’ हे ते अर्धं खरं वाक्य. एका हौशी मुलाने आम्हाला सुंदर वेबसाइट करून दिली. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्या मोबाइलमध्ये, आणि तो नोकरीला पुण्याला. कोल्हापूरच्या कुठल्याही गल्लीत ही कथा सांगा, लोक माना डोलावतील. डोमेनची मुदत संपली तेव्हा आमच्या पत्त्यावर भलत्याच जाहिराती दिसायला लागल्या. पण दोष फुकटपणाचा होता का? संस्थेच्या नावाचा ईमेल आम्हीच काढला नव्हता. काम कधी संपणार आणि नंतर कुणाच्या हातात जाणार, हे आम्हीच विचारलं नव्हतं.

उलट बाजूही सांगते. देणगीदाराला आयकरात 80जीची सवलत मिळवून देणाऱ्या संस्थांना 2022 पासून वर्षभराच्या देणगीदारांची यादी ‘10बीडी’ नावाच्या फॉर्मवर आयकर खात्याला द्यावी लागायला लागली. मुदत 31 मे, उशिराला दिवसाला 200 रुपये. ओळखीतल्या एका संस्थेची 2023 ची यादी 47 दिवस उशिरा गेली. 9,400 रुपये. ते काम रीतसर फी घेणाऱ्या माणसाकडे होतं! देणगीदारांना प्रमाणपत्रं उशिरा मिळाली, दोघांनी पुढच्या वर्षी फोनच उचलला नाही. आता तिथं एक निवृत्त लेखापाल एप्रिलमध्येच येऊन पॅन नंबर तपासतात, आणि शेजारी एका मुलीला बसवून शिकवतात. पैसे घेत नाहीत. जबाबदारी पावतीतून येत नाही, काम नीट आखून दिल्यातून येते. आम्ही आता कुणी मदतीला आलं की एका कागदावर तीन गोष्टी लिहितो: काम काय, कधी संपणार, आणि नंतर आमच्यापैकी कोण करणार. तिसऱ्या रकान्यात नाव नसेल तर नम्रपणे चहा पाजून निरोप देतो.

‘पैसा आपोआप येतो.’ 2019 च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. राज्यभरातून ट्रक आले, इतके की जुन्या कपड्यांचे ढीग कुठं ठेवायचे हा प्रश्न झाला. कोल्हापूरकर मदतीला कमी पडत नाही, तालमीची वर्गणी असो की पुराचं पाणी. पण पूर ओसरल्यावर येणाऱ्या फेब्रुवारीत छोट्या संस्थेचं लाइटबिल भरायला ट्रक येत नाही. आपल्याच गावात याचं जुनं उत्तर उभं आहे. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, पुढे इतर समाजांची वसतिगृहं झाली. शाहू महाराजांनी त्यांना एकरकमी मदत देऊन पाठ फिरवली नाही. जागा दिल्या, वार्षिक अनुदानं लावून दिली. काम चांगलं आहे म्हणून पैसा येईल, असं त्या माणसाने गृहीत धरलं नाही.

आमच्याकडे राजा नाही, पण पुण्यात आयटीत असलेली एक मुलगी आहे. ती इथं दोनदाच आली. तिने दरमहा 200 रुपये आपोआप कापले जाण्याची सोय लावून दिली, आणि मुख्य म्हणजे ज्यांचा हप्ता चुकतो त्यांना काय लिहायचं, याचा मजकूर. आज दीडशे लोक आहेत. महिन्याला 30,000, वर्षाला तीन लाख साठ हजार. एवढीच रक्कम मार्चअखेरीला एकदम देणारा देणगीदार आम्हाला पूर्वी होता. तो वारला त्या वर्षी दोन महिने पगार थकले होते. हे दीडशे जण एकदम काही जाणार नाहीत. आणि नव्या करप्रणालीत 80जीची वजावट मिळत नसल्यामुळे नोकरदार माणूस करासाठी मोठी देणगी देईल, हा भरवसा तसाही पातळ होत चाललाय.

राहिलं ‘रुपयातला रुपया’. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 चा. त्याप्रमाणे हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. तो खर्च गरजूपर्यंत पोचत नाही, मग करायचा नाही का? लोक सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचा, पाच टक्क्यांचा नियमही तोंडावर फेकतात. ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर कारभारावर करायच्या खर्चाला आहे; संस्थेने पगार आणि भाडं पाच टक्क्यांत बसवावं असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. दोन कंपन्यांच्या माणसांना हे आमच्या लेखापालांनी नियम उघडून दाखवलं, तेव्हा कुठं ताईंचा पगार प्रस्तावात शिरला.

दिरांना मी यातलं काहीच लिहिलं नाही. ते शिरोलीच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते, तीस वर्षं. मी त्यांना फक्त आमच्या खोक्याचा फोटो पाठवला, लांबी-रुंदी-उंची लिहिली, आणि विचारलं, “भाऊजी, याला अठरा रुपये देतोय, जास्त होतात का हो?”

चार मिनिटांत उत्तर आलं. “नग किती?”