मे महिन्यात आमच्या गोराईच्या विहिरींना जरा दम खाऊ द्या

मे संपत आला की मुंबईच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गोराईत वाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकीचं गाऱ्हाणं पाण्याचं असतं. विहिरीत पाणी दिसतं, पोहराही भरून वर येतो, पण जिभेवर थेंब ठेवला की कळतं, मचूळ झालंय. तेच पाणी मिरचीला घातलं की पानांच्या कडा करपायला लागतात. घेवडा त्याहून नाजूक, तो फुलंच गाळून टाकतो. नारळाला फारसं काही होत नाही, पालकही तग धरतो. म्हणून एकाच वाडीत अर्धी झाडं हिरवीगार आणि अर्धी भाजून काढल्यासारखी दिसतात. बघणारे म्हणतात, यंदा ऊन फार आहे. ऊन आहेच हो. पण या कडा मिठाने करपल्यात. आळ्याच्या काठाला जो पांढरा थर धरतो तो बोटाने खरवडून बघा, म्हणजे पटेल.

हे का होतं ते आपल्या गावात तरी प्रत्येकाला माहीत असायला हवं, असं मला फार वाटतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये आपण. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत असतं. खारं पाणी जड, गोडं हलकं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली साधारण 40 फूट गोडं पाणी मिळतं. आता हाच हिशेब उलटा करा. उपसून उपसून वरची पातळी एक फुटाने उतरवली की खालून खारं 40 फुटांपर्यंत वर सरकू शकतं. पाणी फुटाफुटाने कमी होतं आणि नासतं मात्र त्याच्या कितीतरी पट. एकदा विहीर खारी झाली की एका पावसात ती धुऊन निघेलच अशी खात्री नाही.

जुनी माणसं हे गणित न मांडता पाळत होती. सकाळी शिंपायचं, मग विहिरीला हात लावायचा नाही, संध्याकाळी लागेल तेवढंच काढायचं. आमच्या पाखाडीतली, म्हणजे वस्तीतली, मावशी अजून तसंच करते आणि तिची विहीर अजून गोडी आहे. बाकी ठिकाणी पंप बसले, एकदा बटण दाबलं की तळ दिसेपर्यंत चालू. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सुट्टीचे बंगले. भर मे महिन्यात लॉन हिरवं हवं, पोहायचा तलाव भरलेला हवा, त्यासाठी बोअर दिवसरात्र ओढते. कुंपण घालून जमीन वेगळी करता येते. खालचं पाणी वेगळं होत नाही. त्यांच्या लॉनची किंमत शेजारच्या वाडीतली वांगी मोजतात, हे मला सहन होत नाही आणि होऊही नये.

कायदा आहे की, असं कुणीतरी म्हणेल. आहे, 2009 चा महाराष्ट्र भूजल अधिनियम आहे, आणि शेती आणि उद्योगासाठी 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरींना त्यात मनाई आहे. पण आपल्या किनाऱ्यावर खाऱ्याला भिडायला एवढं खोल जावंच लागत नाही. ती मर्यादा पठारावरच्या गावांना उपयोगाची. आपल्याला आपला नियम गावकीत बसूनच करावा लागेल.

पाण्याचं एवढं असताना वरून फळमाशी. शिराळं बोटाएवढं झालं नाही की माशी सालीखाली अंडी घालते, फळ तिथेच वाकडं होतं, पिवळं पडून गळतं. कितीतरी बायका आंब्याच्या फळमाशीचा सापळा आणून मांडवाला टांगतात आणि मग म्हणतात उपयोग होत नाही. होणार कसा? सापळ्यात माशीला ओढणारं आमिष असतं; आंब्याच्या माशीला मिथाइल युजेनॉल लागतं, शिराळ्यासारख्या वेलांवरच्या माशीला क्यू ल्यूर. दुकानदाराने न विचारता हातात दिलं ते घेऊ नका, मागून घ्या. आणि गळलेली फळं उकिरड्यावर किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नका. अळी फळातून बाहेर पडून मातीतच कोश करते, म्हणजे आपणच पुढची पिढी पोसतो. खोल खड्डा करून पुरा. हे एकटीने करून भागत नाही. माझा मांडव स्वच्छ आणि शेजारचा किडका असेल तर माशी कुंपण विचारत नाही.

हे सगळं आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीच्या, घाईत. सुकी मासळी भरायची, मसाला कुटून ठेवायचा, कांदे टांगायचे, 1 जूनपासून मासेमारी बंद म्हणून होड्या वर ओढून शाकारायच्या. विहिरीकडे बघायला कुणाला वेळ? मुंबईत पावसाची नेहमीची तारीख 11 जून. 2025 साली तो 26 मेलाच आला, आगोटीची तारांबळ उडाली, पण विहिरी वाचल्या आणि पाण्याची चर्चाच बंद झाली. त्याच्या आदल्या वर्षी 30 मेपासून शहरात पाच टक्के आणि 5 जूनपासून दहा टक्के पाणीकपात होती. पाऊस दर वर्षी आपली सोय बघून येणार नाही.

पलीकडे मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा महापालिकेचा प्रकल्प ठरलाय, दिवसाला 20 कोटी लिटरचा. त्यावर जे बोलायचं ते वेगळं बोलू. मला एवढंच दिसतं की आभाळातून फुकट पडणारं गोडं पाणी आपण गटाराने समुद्रात सोडतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. 50 चौरस मीटरचं छप्पर असेल तर त्यावर एक लाख लिटरच्या वर पाणी पडतं. एका घराच्या छपरावर!

म्हणून मृग लागायच्या आत गावकीने एकदा बसावं. मेमध्ये पंप सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर, मधे विहिरीला विश्रांती, हे सगळ्यांनी मान्य करावं आणि बंगलेवाल्यांनाही बोलावून तोंडावर सांगावं. लॉन आणि तलावासाठी बोअर नको. विहिरीतला गाळ पाऊस यायच्या आधी काढावा. आणि ज्यांच्या छपराला पन्हळ आहे त्यांनी पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्यावेत, मग पन्हळ खडी आणि वाळूच्या खड्ड्याकडे वळवावी. खड्डा विहिरीपासून थोडा लांब आणि संडासाच्या टाकीपासून चांगलाच दूर. आमच्याकडे खडी उरली आहे, लागेल त्याने घेऊन जा.